मेलोर कुठे गेला?

परवा परत तेच झालं. मित्राशी बोलताना हाऊस ऑफ द ड्रॅगनचा, म्हणजे ड्रॅगनवाल्या राजघराण्यातल्या गादीच्या भांडणावरच्या टीव्ही मालिकेचा, विषय निघाला आणि साहेब म्हणाले, "अरे, पुस्तकच मुळात ऐकीव गप्पांचं आहे, मग पुस्तकाप्रमाणे दाखवलं नाही म्हणून तुम्ही पुस्तकवाले एवढे का चिडता?" मी जो सुरू झालो तो त्याने फोन ठेवेपर्यंत थांबलोच नाही, आणि तरी अर्धं राहिलंच म्हणून इथे लिहितोय. स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत, नंतर बोलू नका.

तसं त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मालिका ज्यावरून घेतली ते जॉर्ज मार्टिनचं फायर अँड ब्लड (२०१८) ही कादंबरी नाहीच, एका मेस्टरने (त्या जगातला पंडित) जुनी कागदपत्रं चाळून लिहिलेला इतिहास असावा असा सगळा थाट आहे, आणि त्याचे साक्षीदार एकमेकांना खोटं पाडत असतात. राजकन्या रेनिरा आणि तिचा रक्षक क्रिस्टन कोल यांचं का बिनसलं? सेप्टन, म्हणजे धर्मगुरू, यूस्टेस म्हणतो तो तिच्याकडे प्रेमाची कबुली द्यायला गेला आणि तिने नाही म्हटलं, दरबारचा विदूषक मश्रूम म्हणतो छे, तीच गेली होती आणि त्याने नाही म्हटलं. आता अशा ठिकाणी शोने स्वतःचं तिसरंच काहीतरी दाखवलं तर मला काही प्रॉब्लेम नाही. ती जागाच मोकळी सोडलेली आहे.

पण मेलोरबद्दल कुणाचाच वाद नाही ना!

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. रेनिराच्या विरोधात गादीवर बसलेला तिचा सावत्र भाऊ एगॉन, त्याची राणी हेलेना. पुस्तकात तिला तीन मुलं, जेहेरिस आणि जेहेरा ही जुळी, आणि दोन वर्षांचा मेलोर. ब्लड आणि चीझ हे दोन मारेकरी महालात घुसतात आणि तिला सांगतात की एका मुलाचा जीव जाणार, कोणत्या ते तू ठरव. ती आधी म्हणते माझा जीव घ्या, ते ऐकत नाहीत, शेवटी ती धाकट्याचं, मेलोरचं नाव घेते. आणि मग चीझ त्या पोराला सांगतो की ऐकलंस का, तुझ्या आईला तू मेलेला हवायस, आणि ब्लड मारतो मोठ्याला! मेलोर जिवंत राहतो. त्यानंतर हेलेना त्या पोराच्या तोंडाकडे बघू शकत नाही, खाणंपिणं सोडते, खोलीबाहेर पडत नाही. पुढे मेलोर लांब कुठेतरी जमावाच्या हातून मरतो आणि मग हेलेना खिडकीतून उडी घेते. म्हणजे हा धागा कितीतरी पानं चालत राहतो.

शोमध्ये मेलोर नाहीच. २०२४ च्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये हेलेना गळ्यातला हार पुढे करते, ते लोक विचारतात यातला मुलगा कोणता, ती बोट दाखवते, संपलं. सीन भयंकर आहे, तो कापण्याचा आवाज अजून आठवतो मला, पण तिला निवड करायला लागलेलीच नाही. पुढची तिची सगळी घुसमट ज्या एका वाक्यावर उभी होती तेच वाक्य उडवलं, आणि कारण काय तर एवढं लहान मूल सेटवर सांभाळणं अवघड, शूटिंग रेंगाळतं, खर्च वाढतो. खुद्द मार्टिनने त्या सप्टेंबरमध्ये यावर लांबलचक ब्लॉग लिहिला होता, की एक छोटं पात्र काढलं की पुढे काय काय ढासळतं, आणि काही तासांतच ती पोस्ट गायब! ज्यांनी वाचली त्यांनी वाचली.

आणि हे एकदाच झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पुस्तकात एगॉनचा भाऊ एमंड आपल्या भाच्याच्या, रेनिराच्या मुलाच्या, ल्यूसेरिसच्या मागे ड्रॅगन घेऊन जातो तो डूख धरून, शोमध्ये मात्र त्याचा ड्रॅगन व्हेगार ऐकत नाही आणि एमंड बिचारा वरून ओरडत राहतो. ॲलिसेंट आपल्या मुलाला, एगॉनला गादीवर बसवते कारण मरणाऱ्या नवऱ्याचं, राजा व्हिसेरिसचं बोलणं तिने चुकीचं ऐकलं. म्हणजे कुणी मुद्दाम काही करायचंच नाही का? सगळे चांगले, फक्त गैरसमज झाला, असं कसं चालेल, घराणी अशी बुडतात होय? मला राग सीन बदलल्याचा नाहीये, माणसांच्या हातून पाप काढून घेतल्याचा आहे.

(माझी ताई म्हणते मी ड्रॅगनवाल्या घराण्याची भांडणं आपल्या घरच्यांपेक्षा जास्त मनाला लावून घेतो. असेल.)

तर मित्राला म्हटलं, बाकी पुस्तक राहू दे, फक्त ब्लड आणि चीझची पानं वाच. त्याने रात्री वाचली. सकाळी मेसेज, "वाचलं. बेकार आहे यार. झोप नाही लागली." मी जिंकलो म्हणून खूश, तेवढ्यात दुसरा मेसेज, "पण व्हिसेरिस शोवालाच भारी."

आता याला काय उत्तर देणार. पुस्तकातला व्हिसेरिस जाडजूड, हसतखेळत वेळ मारून नेणारा राजा, आणि पॅडी कॉन्सिडाइनने केलेला तो अर्धा चेहरा गेलेला म्हातारा काठी टेकत सिंहासनापर्यंत चालत जातो, मुकुट पडतो, त्याचा भाऊ डेमन उचलून परत डोक्यावर ठेवतो. आमच्या कुठल्याच साक्षीदाराने हे लिहून ठेवलेलं नाही. आणि मार्टिन स्वतःच म्हणालाय की हा व्हिसेरिस माझ्यापेक्षा सरस आहे. मी त्याला अंगठा पाठवला आणि फोन उलटा ठेवून दिला.