आत्याबाईंची फुंकणी

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे, ढेबेवाडीच्या खोऱ्यात, सासूला आत्याबाईच म्हणतात. 2022 च्या नागपंचमीला त्या माहेरी निघाल्या होत्या आणि चप्पल पायात जाईना. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, मळलेल्या पिठात बोट रुतल्यासारखा. "जड झाल्यात नुस्ते, पावसाळ्याचं हुतंय आसं," म्हणाल्या आणि माझ्या दिराची रबरी चप्पल घालून गेल्या.

खोकला त्यांना कित्येक वर्षांचा. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासूनचा तरी नक्कीच. पहाटे परड्यातून खोकला ऐकू आला की आत्याबाई उठल्या, इतकं ते ठरलेलं. त्याला आजार म्हणावं असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. चढ चढताना धाप लागायची, तर वय झालं असं आम्हीच म्हणायचो. तेव्हा त्या 65 वर्षांच्या होत्या. ते काही वय नव्हे, हे मला आता कळतं.

पायाला सूज म्हणजे किडनी नाहीतर हृदय, एवढं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. किडनीच्या तपासण्या चांगल्या आल्या. ईसीजीत काहीतरी बिघाड दिसला. एका दवाखान्यात हृदय कमजोर झालंय असं सांगून लघवीची गोळी दिली. सूज उतरली, महिन्याभरानं परत आली. गोळी वाढवली, परत उतरली, परत आली. असे दहा महिने गेले. या दहा महिन्यांत त्यांना कुणी एकदाही जोरात श्वास घेऊन दाखवायला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

एक गोष्ट मला अजून छळते. रक्ताच्या तपासणीत त्यांचं हिमोग्लोबिन 17.4 आलं होतं. आमच्या वाडीतल्या निम्म्या बायका रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या खातात, आणि आत्याबाईंचं 17.4! मी कराडला पतसंस्थेत नोकरी करते, तिथं मी हा आकडा कौतुकानं सांगितला होता. शरीराला प्राणवायू कमी पडायला लागला की ते तांबड्या पेशी जास्त बनवतं. रक्त दाट होतं आणि ते ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ज्या आकड्याचं मी कौतुक करत होते, ती शरीराची हाक होती.

मे 2023 मध्ये एका रात्री त्यांचे ओठ मला जांभळट दिसले. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, तो बोटाला लावला. 84. दुसऱ्या बोटाला लावला. 83. सकाळी त्यांना कराडला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी फाईल उघडली नाही. त्यांनी विचारलं, "आजी, विडी? तंबाखू?"

"मिशेरी लावते. वडत काय न्हाई."

"स्वयंपाक कशावर करता?"

दहा महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला.

"चुलीवर. दुसरं कशावर?"

"किती वर्षं?"

आत्याबाईंनी विचार केला. "आय रानात जायची. सात-आठ वर्साची आसंन, तवापासनं."

"दिवसाला किती तास?"

"सकाळचं दोन, रात्रीचं दोन. पावसाळ्यात पानी तापवायचं निराळं."

डॉक्टरांनी कागदावर चार गुणिले सत्तावन्न असं लिहिलं. 228. हा हिशेब छातीचे डॉक्टर खरोखरच करतात: चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची जशी पाकिटं मोजतात, तसे चुलीपुढच्या बाईचे तास. मी तो कागद बघत राहिले. त्यातली माझ्यासमोरची वर्षं मला मोजता येत होती, आणि त्यातली अकरा वर्षं मीही त्याच चुलीपुढे बसले होते.

मग स्पायरोमेट्री. एका नळीत दमदार फुंकर मारायची आणि सहा सेकंद तरी फुंकत राहायचं. टेक्निशियन मुलगी समजावून सांगायला लागली तशी आत्याबाई म्हणाल्या, "फुकायची सवं हाय गं मला." पन्नास वर्षं लोखंडी फुंकणीनं निखारे फुलवलेले. नळी तोंडात धरली, डोळे मिटले, आणि मशीनवरची रेघ थोडीशी वर जाऊन लांबट झोपली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल, आणि पंपाचं औषध देऊनही तशीच राहिली, तर श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात असं धरतात. आत्याबाईंची 51. आजाराचं नाव सीओपीडी.

"पण डॉक्टर, सूज तर हृदयाची म्हणाले होते," मी म्हटलं.

"हृदयाचीच आहे. पण हृदयात सुरू झालेली नाही."

टू-डी इको केला तेव्हा ते मला पडद्यावर दिसलं. हृदयाची डावी बाजू, जी सगळ्या अंगाला रक्त देते, ती उत्तम होती. उजवी बाजू फुगली होती. ही बाजू फक्त फुप्फुसांना रक्त पाठवते. तिला कमी दाबावर काम करायचं असतं, म्हणून तिची भिंत पातळ असते, 3 ते 5 मिलिमीटर. डावीची साधारण 10. फुप्फुसाच्या धमनीतला वरचा दाब पस्तिसाच्या आत असावा लागतो. आत्याबाईंचा 58 होता. दंडाला पट्टा बांधून घेतलेलं बीपी मात्र 124/78. त्या पट्ट्याला फुप्फुसातला दाब कळत नाही.

हा दाब वाढतो कसा, ते माझे मिस्टर शेतकरी असल्यामुळे त्यांना माझ्याआधी समजलं. रानात दारं धरताना काय करतो? ज्या वाफ्यात पाणी नेऊन उपयोग नाही त्याचं दारं मिटून पाणी दुसरीकडे वळवतो. फुप्फुसही तेच करतं. ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि रक्त हवा असलेल्या भागाकडे लावून देतं. न्यूमोनियात एखादा कोपरा बंद पडला तर ही युक्ती जीव वाचवते. स्वीडनमधल्या ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी 1946 मध्ये मांजरांवर प्रयोग करून ती दाखवली. पण धुरानं दोन्ही फुप्फुसं सगळीकडूनच खराब झाली असतील तर? मग सगळीच दारं अर्धी मिटतात. पाण्याला जायला वाट नाही आणि मोटर चालूच. मोटर म्हणजे ती 3 मिलिमीटरची भिंत. ती आधी जाड होते, मग सैल पडते, मागे रक्त तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात, पायात पाणी उतरतं. डॉक्टर त्याला कॉर पल्मोनाले म्हणाले. लघवीच्या गोळीनं पाणी उतरत होतं, वाट मात्र तशीच मिटलेली होती.

घरी येऊन मी वाचत बसले, आणि डॉ. पद्मावती सापडल्या. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती, भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. 1917 मध्ये ब्रह्मदेशात जन्मल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात काम केलं, 2020 च्या ऑगस्टमध्ये 103 व्या वर्षी कोविडनं गेल्या. त्यांनी आणि डॉ. पाठक यांनी 1959 मध्ये दिल्लीतल्या कॉर पल्मोनालेच्या 127 रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या नियतकालिकात छापला. त्यात बायका होत्या, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या, आणि तरी पुरुषांच्या बरोबरीनं हाच आजार झालेल्या. त्यांनी बोट दाखवलं ते चुलीच्या धुराकडे. 1959! आत्याबाई तेव्हा दोन-तीन वर्षांच्या असतील. त्यांनी पहिली चूल पेटवायच्या आधी एका बाईनं हे लिहून ठेवलं होतं, आणि 2022-23 मध्ये दहा महिने आम्हाला कुणी चुलीबद्दल विचारलं नाही. मला याचा राग येतो. कुणा एकाचा नाही, त्या न विचारण्याचा.

आणखी एक आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 2020 या एका वर्षात घरातल्या धुरानं जगभर सुमारे 32 लाख माणसं गेली. मला वाटलं होतं, त्यात सगळ्यात जास्त फुप्फुसाच्या आजाराची असतील. तसं नाही. सगळ्यात मोठा वाटा, 32 टक्के, हृदयविकाराचा आहे. सीओपीडीचा 19. धुरातले बारीक कण फुप्फुसातून रक्तात जातात, सगळ्या अंगात आतून दाह होतो, हृदयाच्या धमन्या खराब होतात. म्हणजे धूर उजव्या बाजूला दमवतो आणि डाव्या बाजूलाही सोडत नाही. सीओपीडी अचानक वाढून माणूस दवाखान्यात जाऊन आला की पुढचे काही आठवडे हार्ट ॲटॅकचा धोकाही वाढलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला लावली. छातीत दुखलं तर "दम्याचंच असेल" म्हणून घरी थांबू नका, असंही बजावलं.

उपचारात पंप आला, गोळ्या आल्या, आणि ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसाला किमान 15 तास लावायचं. हे 15 कुठून आले? इंग्लंडमध्ये 1981 मध्ये 87 रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. रोज 15 तास प्राणवायू घेणाऱ्या 42 जणांपैकी पाच वर्षांत 19 गेले; न घेणाऱ्या 45 पैकी 30. प्राणवायू मिळाला की आवळलेल्या वाहिन्या थोड्या सैल होतात, हृदयावरचा भार हलका होतो. पण सगळ्या दमेकऱ्यांना तो लागत नाही. निवांत बसलेलं असताना ज्यांचा ऑक्सिमीटरचा आकडा 88 किंवा त्याखाली राहतो त्यांना. आणि आमच्या मशीनचा काटा दोनवरच ठेवायचा. जास्त केला तर अशा रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. दिरानं एकदा मायेपोटी चारवर नेला होता, तेव्हा आम्ही भांडलो. आत्याबाईंना 88 ते 92 पुरेसं आहे, 98 करायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पटवायला महिना लागला.

दोन महिने त्या आमच्याकडे कराडला राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माझ्या सोप्यात न्या." नेलं. पाऊस लागला की खोऱ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर बसवला आणि एक लहान सिलिंडर भरून ठेवला. नळी सात मीटरची, सोप्यातून दारापर्यंत जाते. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायका बघायला आल्या तेव्हा त्यांनी नळी काढून उशीखाली सरकवली आणि तासभर तशाच बसल्या. आकडा 81 वर गेला तरी हूं नाही की चूं नाही.

चुलीचा प्रश्न त्याहून अवघड. गॅस घरात होता, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. सिलिंडर संपला की ढेबेवाडीहून आणायचा, पैसे एकरकमी मोजायचे; जळण मात्र परड्यातच रचलेलं. आणि भाकरी. निखाऱ्याला लावून फुगवलेल्या भाकरीची चव गॅसवर येत नाही, हे मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू? माझ्या जावेला चूल सोड म्हणणं मला सोपं नव्हतं, कारण मी शनिवारी येऊन रविवारी जाणारी. शेवटी ते ऑक्सिजननंच ठरवलं. नळी लावलेल्या माणसानं आगीपासून दहा फूट लांब राहायचं, आणि आमचं स्वयंपाकघर सोप्याला लागून. कौलाखाली साठलेली काजळी दिरानं दोन दिवस घासून काढली. काचेच्या कौलातून कितीतरी वर्षांनी उजेड आला. चूल आता परड्यात आहे, पत्र्याखाली, पाणी तापवण्यापुरती.

मी स्वतः स्पायरोमेट्री केली. माझा आकडा 76 आला. दर वर्षी येऊन फुंकून जा म्हणालेत.

आत्याबाईंच्या पायावर आता खड्डा पडत नाही. चढ त्यांना कधीच जमणार नाही, धमनीतला दाब गेल्या इकोत 47 होता. पण बायका आल्या तरी त्या नळी काढत नाहीत.

गेल्या जुलैत मी गावी असताना, संध्याकाळी, शेजारची नवी सून भिजत दारात आली. जळण ओलं, चूल पेटेना, त्यांची फुंकणी मोडलेली. "आज्जी, तुमची फुकणी द्या की जरा."

फुंकणी सोप्यातच, खुंटीला अडकवलेली. मी उठून ती काढायला गेले तर आत्याबाईंनी हातानंच थांबवलं.

"फुकणी न्हाई द्यायची," त्या तिला म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, "पीठ घिऊन ये. आमच्या ग्यासवर भाकरी कर आनि ने. जा, मी हाय हितं."

ती पीठ घेऊन आली. नऊ भाकरी केल्या.