इंग्रजी शिकताना आधी तोंड, मग व्याकरण

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीच्या मराठी माध्यमातल्या मुलांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, आणि लगेच टेन्स, पॅसिव्ह व्हॉइस यांची घोकंपट्टी. उच्चारांकडे कुणी फारसं फिरकायचं नाही. मी नव्याने शिकायला घेतलं तेव्हा क्रम उलटा लावला: आधी उच्चार, मग शब्द, व्याकरण शेवटी. समोरच्याचं वाक्यच कळलं नाही, तर त्यातला काळ ओळखून करायचं काय?

देवनागरी इथे मदत करते तशी फसवतेही. व्हेरी आणि व्हॉट आपण एकाच 'व्ह'ने लिहितो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे ध्वनी आहेत. व्हेरीसाठी वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे आणि घशातून आवाज चालू ठेवायचा. त्यात 'ह' अजिबात नाही. व्हॉटमध्ये दातांचं काम नाही, ओठांचा चंबू करायचा. आपला 'व' या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो, त्यामुळे वेल आणि दारू या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द आपल्या तोंडून एकच होतात. आरशासमोर उभं राहून दात ओठाला टेकतात का, एवढंच बघा. हा फरक कानाआधी डोळ्यांना कळतो.

झू, झिरो, बिझी यांत आपण 'झेंडा'तला झ घालतो. त्याऐवजी 'स्स्स्' असा स लांबवा आणि जीभ न हलवता घशातून आवाज सोडा. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर जाणवते. तोच तो ध्वनी.

ह्रस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनापुरते पाळतो, बोलताना त्यावाचून फारसं अडत नाही. इंग्रजीत अडतं: लिव्ह म्हणजे राहणे, लीव्ह म्हणजे सोडून जाणे. पहिल्यात ओठ सैल, दुसऱ्यात हसल्यासारखे ताणलेले. नुसता वेळ लांबवून भागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो आघाताला. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा न्याय देतो. इंग्रजीत एक अक्षर ठासून म्हणतात आणि बाकीची गिळतात. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर. फोटोग्राफर मात्र 'फटॉग्रफर' होतो, जोर 'टॉ'वर. फोटोग्रॅफिकमध्ये जोर 'ग्रॅ'वर सरकतो. शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते आणि गिळलेल्या स्वराच्या जागी उलटा इंग्रजी 'ई' (ə). एवढ्या दोन खुणा ओळखता आल्या तरी शब्दकोश खऱ्या अर्थाने वापरता येतो.

भूतकाळाचा 'ईडी' तीन तऱ्हांनी म्हणतात. क, प, स, श, च, फ या ध्वनींनंतर 'ट': वर्क्ट, वॉश्ट. ट किंवा ड नंतर 'इड': वॉन्टिड. बाकी सगळीकडे 'ड': प्लेड, कॉल्ड. 'वर्केड', 'आस्केड' हे निव्वळ स्पेलिंग वाचणं झालं.

शब्द वहीत एकटा लिहू नका, सोबत्यासह लिहा. 'मिस्टेक' नव्हे, 'मेक अ मिस्टेक'. 'मॅरिड'पुढे 'टू' ('तिच्याशी लग्न'मधल्या 'शी'मुळे आपण 'विथ' लावतो). 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नकोच. रोज आठ-दहा पुरेत. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने मराठी बाजू झाकून नव्हे, इंग्रजी बाजू झाकून उजळणी करा. ओळखता येणं सोपं असतं, आठवणं अवघड.

व्याकरणात मराठीची सावली नेमकी कुठे पडते ते माहीत असलं की निम्मं पुस्तक बाजूला ठेवता येतं. 'तो काल आला आहे' हे मराठीत चालतं, पण 'यस्टर्डे'बरोबर 'हॅज कम' चालत नाही. 'ही केम यस्टर्डे'च. आतून हाक आली की आपण जागचे न हलताही 'आलो!' म्हणतो, इंग्रजीत तिथे 'कमिंग'. आणि 'पासून' तर हमखास पाडतं. 'पाच वर्षांपासून' आणि '2019 पासून' आपल्याला सारखेच, म्हणून 'आय लिव्ह इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' असं वाक्य बाहेर पडतं. त्यात दोन चुका. मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवात सांगायची तर 'सिन्स'; आणि दोन्हीकडे क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग'.

आर्टिकल्स शेवटी घ्या, मराठीत ती नाहीतच. पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', त्याच वस्तूचा पुन्हा आला की 'द', एवढ्यावर बरंच निभावतं. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नाही, कानावर ठरतं: ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी, अ मिनिस्टर, पण ॲन एमएलए.