शून्य काउंट आणि उघडं छत

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं. प्रत्यक्षात मूळपेशींची पिशवी रक्ताच्या बाटलीसारखी स्टँडला लटकवतात आणि थोड्या वेळात ती रिकामी होते. कसोटी लागते ती पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. आधीच्या औषधांनी जुनी अस्थिमज्जा साफ केलेली असते, नव्या पेशी अजून रुजलेल्या नसतात. रोजच्या रिपोर्टवर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पुढे शून्य येत राहतं. या काळात दगावणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा जीव मूळ आजार नव्हे, इन्फेक्शन घेतं. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. हे शून्याचे दिवस सांभाळणं हेच माझं काम.

तो सोलापूर जिल्ह्यातला, चोविशीतला मुलगा. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवायचा. आजार अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेने रक्त बनवणंच सोडून दिलेलं. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. याच्या थोरल्या बहिणीच्या जुळल्या आणि ती दोन लहान मुलं सासूकडे सोपवून पेशी द्यायला आली. वडिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "आमच्यावरच पहिल्यांदा करून बघताय का?" त्यांना सांगितलं, मुंबईत टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ सालीच हे करून दाखवलंय. तेव्हा कुठे त्यांनी संमतीपत्र हातात घेतलं.

भरती करताना आम्ही प्रत्येकाचा गुदद्वाराचा स्वॅब घेतो. याच्या स्वॅबमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला, तोही मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकला न जुमानणारा. महिनोन् महिने या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरलेल्या, अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स घेतलेल्या आपल्याकडच्या पेशंटांमध्ये हे नवीन नाही. आई घाबरली. "म्हणजे आत्ताच इन्फेक्शन हाय का सिस्टर?"

"नाही काकू. ते जंतू आतड्यात नुसते राहताहेत. तिथून रक्तात उतरले तर मात्र कठीण."

फाइलवर लाल स्टिकर लावलं. कोणता जंतू आहे, ताप आल्यास कोणती औषधं सुरू करायची, हे त्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं. खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला गाऊन आणि ग्लोव्हज सक्तीचे केले, म्हणजे हा जंतू आमच्या हातांवरून शेजारच्या खोलीत जायला नको.

पेशी दिल्याचा सहावा दिवस. उन्हाळ्याची सुरुवात होती. सकाळी वॉर्डात पाय ठेवला तर सफाईच्या मावशी कॉरिडॉरमध्ये फरशीकडे बघत उभ्या. "सिस्टर, साडेसातला पुसलंय मी. परत पांढरं कसं?"

मी वर पाहिलं. फॉल्स सीलिंगची एक टाइल पूर्ण बसलेली नव्हती, कडेला काळी फट दिसत होती. रात्री कॅमेऱ्याची केबल ओढायला बाहेरची माणसं येऊन गेली होती. वॉर्डातलं काम असूनही कोणी आम्हाला विचारलंच नव्हतं. ती फट त्याच्या खोलीपासून चार पावलांवर होती.

ट्रान्सप्लांटच्या खोलीत हवा जास्त दाबाने भरलेली असते. छतातल्या हेपा फिल्टरमधून ती गाळून येते, आणि हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवतो. दाब जास्त असल्यामुळे दाराच्या फटीतून हवा बाहेरच जात राहते, बाहेरची आत शिरत नाही. दारावरचा मीटर एरवी दहा पास्कलच्या आसपास असतो. त्या सकाळी काटा शून्याला टेकला होता. मीटर बिघडलाही असेल म्हणून टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या खालच्या फटीशी धरली. ती बाहेर फडफडायला हवी होती. ती आत ओढली गेली.

माझ्या पोटात गोळा आला. खोलीच्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर खेचत होता आणि छतातून येणारी हवा त्याला पुरी पडत नव्हती. मग उरलेली हवा कुठून येणार? कॉरिडॉरमधून, त्या पांढऱ्या धुळीसकट. फॅन आधी बंद करायला लावला. पट्टी सरळ लोंबकळली. बाहेर नाही, पण निदान आत तरी जाईना.

छतावरच्या धुळीला आम्ही इतके का भितो, तर अ‍ॅस्परजिलस. ही बुरशी माती, जुनी धूळ, ओल, बांधकाम अशा सगळ्या ठिकाणी असते आणि तिचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासाबरोबर आत घेतो. आपल्या पांढऱ्या पेशी ते फस्त करतात. ज्याच्याकडे पांढरी पेशीच नाही, त्याच्या फुप्फुसात तो बीजाणू रुजतो आणि रक्तवाहिन्यांत घुसतो. अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या पेशंटांना हा धोका आणखी मोठा, कारण ट्रान्सप्लांटच्या आधीही कित्येक महिने त्यांच्या पेशी कमीच असतात.

त्याला दुसऱ्या खोलीत हलवायचं का, यावर डॉक्टरांशी बरीच चर्चा झाली. रिकामी खोली होती, पण तिथे जायला तोच कॉरिडॉर ओलांडावा लागणार होता. मी म्हटलं, दार उघडायचंच नाही. डॉक्टरांनाही ते पटलं. आयसीयूतून हेपा फिल्टरचं फिरतं मशीन आणून दाराबाहेर लावलं. मावशींनी पूर्ण कॉरिडॉर ओल्या मॉपने पुसला. झाडू तर आमच्या वॉर्डात कधीच फिरत नाही, धूळ उडते.

मग मेंटेनन्सचे काका शिडी घेऊन आले. टाइल पुन्हा उघडायची म्हणजे पुन्हा धूळ, म्हणून आधी छतापासून जमिनीपर्यंत प्लॅस्टिकचा पडदा चिकटपट्टीने सीलबंद केला आणि काका एकटे त्याच्या आत राहिले. आत उकडून त्यांचा शर्ट भिजला, पण त्यांनी घाई केली नाही. केबल ओढताना हवेची लवचिक डक्ट तिच्या कॉलरवरून निसटली होती. ती बसवली, पट्टा आवळला, आतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घेतली. दुपारी एकच्या सुमारास काटा दहावर आला, टिश्यूची पट्टी बाहेर फडफडली.

काकूंना काय झालं ते मी सगळं सांगितलं. आपल्याकडे नातेवाइकांपासून अशा गोष्टी लपवायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "बुरशीचं औषध चालू हाय का त्याला?" चालू होतं, पोसॅकोनॅझोल, पहिल्यापासून. त्यांना हे विचारता आलं याचं मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी पावणेसहाला त्याला हुडहुडी भरली. ताप १०१.४.

वॉर्डात सगळ्यांच्या मनात एकच आलं, छत. पण बुरशी काही तासांत ताप आणत नाही, तिला रुजायला दिवस लागतात. पांढऱ्या पेशी शून्य असताना ताप आला की तासाच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेत गेलाच पाहिजे. या पेशंटांना पू होत नाही, सूज फारशी येत नाही, कारण त्यासाठीही पांढऱ्या पेशीच लागतात. ताप ही एकच खूण. म्हणून न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका, असं आम्ही कानीकपाळी ओरडतो. ताप दबतो आणि जंतू वाढत राहतात.

ड्यूटीवरच्या सिस्टरने सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीचं तोंड पंधरा सेकंद घासून पुसलं, लाइनच्या दोन्ही नळ्यांतून आणि हाताच्या शिरेतून कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायला, रक्त घेतलं. रक्तदाब ८२ वर ५० झाला होता. ज्युनिअर डॉक्टरांनी लाल स्टिकर वाचलं आणि एरवीचं मेरोपेनेम बाजूला ठेवून थेट सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि त्याच्या जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनॅम मागवलं. या जंतूचं एनडीएम नावाचं विकर (एन्झाइम) मेरोपेनेम मोडून टाकतं. अ‍ॅझ्ट्रिओनॅमला ते मोडू शकत नाही, पण जंतूकडे इतर विकरंही असतात. त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवून धरतं, म्हणून ही जोडी एकत्रच द्यायची. ताप आल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत दोन्ही औषधं चालू झाली होती.

पहाटे लॅबचा फोन आला. लाइनमधली आणि हातातली, दोन्ही ठिकाणची कल्चर जवळपास एकाच वेळी पॉझिटिव्ह. लाइन दूषित असती तर तिच्या रक्ताची बाटली हातातल्यापेक्षा दोन तास किंवा त्याहूनही आधी पॉझिटिव्ह आली असती. पुढे नाव आलं, तोच क्लेबसिएला. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने आतड्याचं आतलं अस्तर सोलून निघालं होतं आणि तिथे राहणारा जंतू रक्तात उतरला होता. दिवसभर आम्ही दाराची फट राखत होतो, शत्रू आतूनच आला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सतराव्या दिवशी न्यूट्रोफिल्स नावाच्या पांढऱ्या पेशी पाचशेच्या वर गेल्या आणि सलग तीन दिवस वर राहिल्या, म्हणजे पेशी रुजल्या. बुरशीची रक्ततपासणी आठवड्यातून दोनदा चालूच होती, ती निगेटिव्ह राहिली. छातीचा सीटीही स्वच्छ आला.

नातेवाईक सगळ्यात जास्त खाण्याबद्दल विचारतात. ताजं शिजवलेलं, झाकून ठेवलेलं, उकळलेलं पाणी, घरी सोललेली फळं, एवढं पाळलं की मी समाधानी असते. कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तोंड आलेल्या, दोन घास जात नसलेल्या माणसापुढून त्याला आवडणारा पदार्थ काढून घेताना दहादा विचार करावा. त्यापेक्षा हात धुवा, मोबाइल पुसा, रोज क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंग पुसून घ्या. सर्दी झालेल्या मामांना व्हिडिओ कॉलवरच भेटू द्या.

आता आमच्याकडे एकही टाइल परवानगीपत्राशिवाय उघडत नाही. त्यावर मेंटेनन्सची, माझी आणि वॉर्डच्या मावशींची सही लागते, आणि काम थांबवायचा अधिकार मावशींनाही आहे. हे मिळवायला मला बऱ्याच मीटिंगांत भांडावं लागलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

तो सहा महिन्यांनी लसीकरणाला आला. लहानपणीच्या लसींची आठवण जुन्या पेशींबरोबर गेलेली असते, म्हणून त्या नव्याने घ्याव्या लागतात. गोवर-गालगुंड-रुबेलासारखी जिवंत लस मात्र दोन वर्षांनी, तीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुटल्यावर. त्याने विचारलं, "गॅरेजला कधी जाऊ?" प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन अजून चालू होतं. ट्रॅक्टरच्या चाकांची वाळलेली माती, ग्राइंडरची धूळ, हे अजून नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. सध्या गॅरेज चुलतभाऊ बघतो. हा घरी बसून बिलं करतो आणि इंजिनचा आवाज फोनवर ऐकून काय बिघडलंय ते सांगतो.