एसएससीनंतर आयबी डिप्लोमा, आमच्या अ‍ॅडमिशनचा अनुभव

लेक एसएससी बोर्डाची, परळच्या शाळेतली, सेमी इंग्लिश. तिला डॉक्टर व्हायचंय आणि तरीही अकरावी सायन्स न घेता आयबी डिप्लोमा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्डाचा अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा कोर्स, करायचाय, हे ऐकून घरातल्या प्रत्येकाने विचारलं की मग हा द्राविडी प्राणायाम कशाला. पण ती नववीपासून म्हणत होती, आई मला क्लासला बसून एमसीक्यू सोडवत दोन वर्षं नाही काढायचीत, मला नीट शिकायचंय, आणि मी स्वतः नर्स आहे, समजून शिकलेला आणि पाठ करून आलेला डॉक्टर यातला फरक मी रोज वॉर्डात बघते, म्हणून मी तिच्या बाजूने उभी राहिले. अट एकच, पश्चिम उपनगरातल्या एका शाळेची स्कॉलरशिप मिळाली तरच, कारण ती फी आमच्या दोघांच्या पगारात बसणारी नाही.

मी आधी गुगलवर शोधत बसले की आयबीला किती टक्के लागतात. तर तसा आयबीचा नियमच नाही, प्रवेशाची अट ज्याची त्याची शाळा ठरवते. आमच्या शाळेने मार्कशीट घेतली पण खरा भर होता त्यांच्या मॅथ्सच्या टेस्टवर. त्यात फंक्शनवरचे प्रश्न होते, जे एसएससीच्या दहावीत नाहीतच, त्यामुळे तिने तीन आठवडे बसून ते वेगळं केलं. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती, आपल्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि आयबीच्या मॅथ्स अ‍ॅनालिसिसचा पेपर एक पण विना कॅल्क्युलेटरचाच असतो, तर तिथली आकडेमोड तिला अजिबात जड गेली नाही. आयबीत विषय हायर म्हणजे जास्त सखोल किंवा स्टँडर्ड म्हणजे त्याहून सोप्या पातळीवर घेता येतो; मॅथ्स हायर लेव्हलला नाही बसली, स्टँडर्डला बसली. तिला चालणार होतं.

टेस्टचा रिझल्ट यायचा होता तोवर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म पण भरून ठेवला. इथे सगळ्यांनी लक्ष द्या, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे अ‍ॅडमिशन घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या रेग्युलर राउंडमधून बाहेर. म्हणून पसंतीक्रम लावताना रात्री अकरा वाजेपर्यंत मी आणि हे दोघं कटऑफ बघत बसलो होतो. तिसऱ्या पसंतीचं लागलं, आम्ही थांबलो, आणि चार दिवसांनी शाळेचा फोन आला, सीट आणि स्कॉलरशिप दोन्ही. त्या दिवशी मी ड्यूटीवर रडले.

खरी अडचण त्याच्यानंतर. विषय निवडायच्या फॉर्मवर. आयबीत सहा विषय, तीन हायर तीन स्टँडर्ड, दोन भाषा, एक मॅथ्स, एक सायन्स, एक इकॉनॉमिक्स सायकॉलॉजीसारखा विषय, आणि सहावा आर्ट्सचा, तो सोडून आणखी एक सायन्स घेता येतं. म्हणजे जास्तीत जास्त दोन सायन्स. आणि नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्ही लागतात, वर इंग्लिश! कौन्सेलरने बायो, केमिस्ट्री आणि इकॉनॉमिक्स लिहून फॉर्म पुढे सरकवला होता, सही राहिली होती फक्त. मी विचारलं फिजिक्स कुठेय, तर त्या म्हणाल्या, मॅडम, बहुतेक मुलं परदेशात शिकायला जातात ना. मी म्हटलं आमची नाही जाणार.

मला राग आला तो याचा की अ‍ॅडमिशन देताना तिला डॉक्टर व्हायचंय हे त्यांना माहीत होतं, इंटरव्ह्यूत पहिलं वाक्य तेच होतं तिचं, आणि दोन वर्षांनी ती पोरगी चांगले पॉइंट घेऊन नीटला अपात्र ठरली असती तर कोणाकडे जायचं होतं आम्ही?

यावर मार्ग आहे, त्याला नॉन रेग्युलर डिप्लोमा म्हणतात. पुढच्या कोर्सची अटच तशी असेल तर तिसरं सायन्स घेऊन दुसरा एक गट सोडायची परवानगी आयबी देते, पण अर्ज शाळेने करायचा आणि सोबत पुरावा लावायचा. मी नीटच्या माहितीपुस्तिकेतली पात्रतेची पानं प्रिंट काढून, ओळी पिवळ्या करून नेऊन दिली. दर आठवड्याला फोन केला. सव्वा महिन्याने परवानगी आली आणि इकॉनॉमिक्स सुटलं. आता बायो, केमिस्ट्री, इंग्लिश हायर, फिजिक्स, मॅथ्स, हिंदी स्टँडर्ड.

डिप्लोमाला ४५ पैकी किमान २४ पॉइंट लागतात, शिवाय चार हजार शब्दांचा निबंध, टीओके (ज्ञान कसं मिळतं यावर विचार करायचा विषय) आणि कॅस (कला, खेळ, समाजसेवा असे उपक्रम) हे तिन्ही पूर्ण व्हायला हवं, नुसते पेपर देऊन भागत नाही. मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी बारावी दोन्ही महाराष्ट्रातली आणि डोमिसाइल लागतं, म्हणून डोमिसाइलचा अर्ज आम्ही आत्ताच टाकलाय. आणि आयबीची परीक्षा एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात चालते, नीट पण साधारण मेच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आयबीचे पेपर चालू असतानाच नीट. तिने ते कॅलेंडर कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय.