तुम्ही विचारलंत म्हणून: मुळाशी काय निघालं?

"मग मुळाशी काय निघालं शेवटी?" मला चिंतेचा आजार होता हे कळलं की लोक आवाज खाली आणून हे विचारतातच. बहुतेकांना लहानपणातलं काहीतरी मोठं ऐकायचं असतं.

डॉक्टरांनी मात्र लहानपण विचारण्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली. ती ग्रंथी जास्त काम करू लागली तरी छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. (मी चक्क हिरमुसले. गोळीवर भागलं असतं ना!) आई काळजीखोर, पण सगळं तिच्या माथी मारायचीही सोय नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत सततच्या चिंतेच्या विकारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांशच दिसतो.

मग मी दोन वर्षं मूळ खणत बसले. वह्या भरल्या. शाळेतला एक अपमान सापडला, एक मृत्यू सापडला. दर वेळी वाटलं, हेच ते. भीती होती तिथेच.

ती कशावर पोसली जातेय ते फोनने दाखवलं. ऑफिसचा नंबर दिसला की पोटात गोळा यायचा. मी स्क्रीनकडे नुसती बघत राहायचे. सहा रिंग, सात रिंग, बंद. की खांदे खाली यायचे, अडकलेला श्वास सुटायचा. ते हायसं वाटणं मला औषध वाटे. भीतीचा खुराक तोच होता. होबार्ट माउरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच मांडलं होतं की भीती जडते एका रीतीने आणि टिकते दुसऱ्याच. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, म्हणून आपण पुन्हा टाळतो. फोन उचलला तर काय होतं, हे कळायची वेळच येत नाही.

लहानपणाला अर्थ नाही असं नाही. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८ च्या अभ्यासात बालपणीचे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा धोका जास्त दिसला. ज्यांच्यावर तसं गुदरलंय त्यांना "सोडून दे" म्हणणं दुष्टपणाच. पण माझ्या वह्यांनी मला फोन उचलायला शिकवलं नाही.

पहिला उचलला तो समुपदेशक बाईंसमोर बसून, घामेजल्या हाताने. पलीकडच्याला मागच्या महिन्याची फाइल कुठे ठेवलीय एवढंच विचारायचं होतं.