‘केबल ओके’

माझ्या सर्व्हिस रिपोर्टच्या पुस्तकात फेब्रुवारीतली दोन पानं आहेत. दोन्हींवर माझ्या अक्षरात ‘केबल ओके’ लिहिलंय, खाली माझी सही. नाशकात चौदा वर्षं नेटवर्किंगची कामं करतोय, चुका या आधीही झाल्या. पण ही दोन पानं डोक्यातून जात नाहीत.

साइट द्राक्षांच्या पॅकहाउसची, दिंडोरी रस्त्याला, म्हसरूळच्या पुढे. आत बायका ओळीने बसून कात्रीने घडातले खराब मणी काढतात, अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, भरतात. दहा पनेटची पाच किलोची पेटी. पेटीचं वजन होतं, लेबल लागतं आणि ती प्री-कूलिंगला, म्हणजे आधी थंड करायला, जाते. लेबलवरून पेटी कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटची, हे निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीत मागे जाऊन सापडावं लागतं. पेट्या कमी आणि नोंदी जास्त असं झालं, तर हिशेब जुळेपर्यंत कंटेनर न्हावाशेव्याला निघत नाही.

इथे नोंदी जास्त येत होत्या. वजनकाट्याजवळच्या संगणकावर एक ताई बसायच्या. त्या एंटर दोनदा दाबतात, असं सुपरवायझरचं म्हणणं. ताई सांगत होत्या, पडदा अडकतो, ‘सर्व्हर सापडत नाही’ असं येतं, म्हणून परत दाबावं लागतं. मॅनेजरने मला बोलावलं ते खरं तर हे भांडण तोडायला.

दोन्ही वेळा मला जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मिळाला. ‘लाइन चालू असताना वायरीला हात लावायचा नाही, भाऊ.’ मी काट्याजवळचं टोक काढून टेस्टरला लावलं, दुसरं टोक स्विचच्या रॅकपाशी टेस्टरच्या दुसऱ्या भागाला, रिमोटला. एक ते आठ दिवे ओळीने लागले. लॅपटॉपवरून सर्व्हरला शंभर पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारे छोटे संदेश, टाकले, शंभर परत आले. स्विच अनमॅनेज्ड, म्हणजे आतला हिशेब न दाखवणारा, त्यामुळे पोर्टवर चुकलेल्या फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, किती, हे विचारायची सोयच नव्हती. लिहिलं, केबल ओके. दुसऱ्या वेळीही तेच केलं, तेच लिहिलं. त्याच दुपारी ताईंना संगणकावरून उठवून छाटणीच्या ओळीत बसवलं. मी तेव्हा रॅकचं दार लावत होतो. माझ्या कागदावर बोट ठेवूनच त्यांना सांगितलं गेलं.

त्यांच्या जागी ऑफिसातला एक मुलगा बसला. दुहेरी नोंदी चालूच राहिल्या. मुलगा दोनदा दाबतो, असं कुणी म्हणालं नाही. तेव्हा लगेच ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ झाला आणि मला तिसऱ्यांदा फोन आला.

या वेळी मी अंबडला राहणाऱ्या मित्राकडून फ्लूकचा मायक्रोस्कॅनर, म्हणजे केबल तपासायचा चांगला मीटर, मागून आणला आणि मॅनेजरला फोनवरच सांगितलं, लाइन चालू असतानाच बघणार, नाहीतर येत नाही. साहेब कुरकुरले. शेवटी दहा मिनिटं पेट्यांवर हाताने नंबर टाकायचं कबूल झालं. कन्व्हेयर फिरत होता, प्री-कूलिंगचे कॉम्प्रेसर धडधडत होते. लॅपटॉप त्याच केबलला जोडला आणि बत्तीस बाइटचे नेहमीचे पिंग सोडून चौदाशे बाइटचे टाकले. शंभरातले सतरा वाटेत हरवले. कन्व्हेयर थांबवायला लावला, तर दोन हरवले. कॉम्प्रेसरची पाळी संपली, तर एकही नाही. सुट्टीत मला सगळं स्वच्छ का दिसलं, ते तिथेच कळलं.

मग मीटर लावला. लांबी ७४ मीटर. आठही तारा जागेवर, आणि ३-६ व ४-५ या जोड्यांवर ‘स्प्लिट’, म्हणजे जोड्या फुटलेल्या.

हे जरा नीट सांगतो, कारण आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही आणि ते बिनधास्त जॅक, म्हणजे केबलच्या टोकाचे प्लग, मारत फिरतात. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. एका तारेतून सिग्नल जातो, दुसरीतून त्याचाच उलटा. बाहेरचा खरखराट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो. पलीकडे दोघींतला फरक मोजतात, म्हणून खरखराट वजा होतो. सगळी किमया त्या पिळाची आहे. शंभर एमबीपीएस वेगाला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या वापरात असतात. म्हणजे ३ आणि ६ या पिना एकाच पिळातल्या तारांना मिळाल्या पाहिजेत. मधल्या ४-५ वेगळ्या का, तर टेलिफोनची लाइन त्या मधल्या पिनांवर यायची आणि १९९० च्या टेन-बेस-टी या इथरनेटच्या मानकाने त्या मोकळ्या सोडल्या. म्हणूनच क्रम वाकडा वाटतो: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राउन-व्हाइट, ब्राउन. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन बसते.

इथे ज्याने जॅक मारला त्याने रंग सरळ लावले होते: ऑरेंज, ग्रीन, ब्लू, ब्राउन, प्रत्येकाच्या शेजारी त्याची पांढरी. दिसायला सुबक. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून एकची तार एकला आणि आठची आठला पोचते. दिव्यांचा टेस्टर एवढंच विचारतो: तार पोचली का? पोचली. कुणाबरोबर पिळून पोचली, हे तो विचारतच नाही. पण ३ वर हिरव्या जोडीतली तार आणि ६ वर निळ्या जोडीतली, त्यामुळे सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तराला पिळाचं संरक्षणच राहिलं नव्हतं. वर ती केबल मोटारच्या वायरींसोबत एकाच ट्रेमधून आणलेली. कन्व्हेयर मोटारच्या ड्राइव्हचा विजेचा खरखराट थेट उत्तरावर पडायचा. नोंद सर्व्हरला पोचायची, पोच मात्र वाटेत खराब व्हायची. संगणक म्हणायचा, सर्व्हर नाही. ताई परत एंटर दाबायच्या.

मला सर्वांत जास्त बोचतं ते पुढे आहे. प्लग पारदर्शक होता. मीटर बाजूला ठेवून मी तो उजेडात धरला, तर रंग सरळ दिसत होते. तोच प्लग दोनदा माझ्या हातात येऊन गेला होता. मी दिवे बघत होतो.

दोन्ही टोकं कापून नवे प्लग दाबून बसवायला, म्हणजे क्रिंप करायला, वीस मिनिटंही लागली नाहीत. परत लाइन चालू, परत मोठे पिंग, या वेळी हजार. एकही हरवला नाही. ट्रे वेगळा करा, हे सांगितलं. ते हंगाम संपल्यावर बघतील.

लोक मला विचारतात, चांगला टेस्टर कुठला. काहीशे रुपयांचा दिव्यांचा टेस्टर वाईट नाही, तुटलेली तार तो लगेच दाखवतो. मायक्रोस्कॅनर तारेत एक ठोका सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात आला यावरून अंतर काढतो. ७४ मीटर जाऊन-येऊन सातशेहून थोडे जास्त नॅनोसेकंद होतात. त्याच्या वर सर्टिफायर. तो कॅट-६ केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंत तपासतो, एका जोडीचा सिग्नल दुसरीत किती गळतो ते आकड्यांत देतो आणि पास-फेलचा कागद काढतो. किंमत लाखांत, माझ्याकडे नाही. पण तो भाड्याने मिळतो. शीतगृहावर कोटी खर्च करणारे मालक केबलिंगचं बिल देताना हा कागद मागत नाहीत, आणि ठेकेदारही तो आपणहून देत नाही. मागितला असता तर ही केबल पहिल्याच दिवशी फेल झाली असती.

तिसरा रिपोर्ट मी सविस्तर लिहिला. दोष जॅकमध्ये होता, आधीचे माझे दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते, संगणक चालवणाऱ्या व्यक्तीची चूक नव्हती. मॅनेजरने वाचला आणि म्हणाले, ‘एवढं लिहायची काय गरज होती? चालू झालं ना.’ ताईंना परत संगणकावर बसवणार का, हे मी विचारलं. ‘आता हंगामाचे किती दिवस राहिले? तो मुलगा शिकलाय आता.’

मी छाटणीच्या ओळीकडे गेलो. ताई मान खाली घालून कात्री चालवत होत्या.

‘ताई, केबलच खराब होती. मी आधी चुकीचं सांगितलं.’

कात्री थांबली. ‘म्हणजे दादा, मी दोनदा दाबत नव्हते ना?’

‘दाबत होतात. पण पडद्यावर जे येत होतं त्याला तेच बरोबर होतं.’

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘हे तुम्ही लिहून दिलंय का त्यांना?’

‘दिलंय.’

‘मला पण द्या ना एक कागद.’

माझ्या पुस्तकात दोनच प्रती निघतात, एक गिऱ्हाइकाची, एक माझी. मी माझी फाडून दिली. त्यांनी हात पुसले, कागदाची घडी केली आणि पिशवीत डब्याखाली ठेवली. पुस्तकात त्या नंबरचं पान आता नाही. आधीची दोन तशीच आहेत.