कसेल त्याचा पैसा

वर्गणी मागायला मी शेवटची गेले होते ती सातवीत, गल्लीतल्या गणपतीसाठी. पावतीपुस्तक दादाच्या हातात, मी नुसती मागे उभी. त्यानंतर थेट २०२४च्या मार्चमध्ये, अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या रेंटनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसले होते आणि पहिला नंबर काही केल्या लावता येत नव्हता. नवरा म्हणाला, "अगं, नाही म्हणतील फार तर." नेमकी तीच तर भीती होती.

या भानगडीत मला ओढलं ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने. सिअ‍ॅटल परिसरात एक संस्था आहे, ती दरवर्षी पंधरा-वीस सामान्य माणसांचा गट जमवते. इथे त्याला गिव्हिंग प्रोजेक्ट म्हणतात. सहा महिने काम. प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून स्वतःला जाणवेल इतकी रक्कम घालायची, मग ओळखीच्यांकडे मागायचं, आणि जमलेला पैसा कोणाला द्यायचा हे गटानेच अर्ज वाचून, प्रत्यक्ष जाऊन, एकमताने ठरवायचं. पैसा जातो तो काळ्या, लॅटिनो, मूळनिवासी आणि स्थलांतरित लोकांनी स्वतः चालवलेल्या छोट्या संघटनांना. त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी चालवलेल्या नव्हे. हा फरक मला समजायला बराच वेळ लागला.

गटात आम्ही अठरा जण. एक निवृत्त बस ड्रायव्हर, घरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणारी एक फिलिपिनो बाई, वडिलोपार्जित पैसा असलेलं एक गोरं जोडपं, दोन विद्यार्थी, आणि मी. 'पीपल ऑफ कलर' म्हणजे इथे गोरे सोडून बाकी सगळे, त्यामुळे फॉर्मवर मीही त्याच चौकटीत खूण केली. खूण करताना जरा अवघडल्यासारखं झालं. घरात दोन सॉफ्टवेअरचे पगार येतात आणि मी त्या फिलिपिनो बाईंच्या शेजारच्या चौकटीत.

पहिले दोन शनिवार पैशाची देवघेव नाहीच, नुसत्या गोष्टी. प्रत्येकाने आपल्या घरातल्या पैशाची गोष्ट सांगायची, दहा मिनिटं. मला वाटलं, सोपं आहे. आमच्या घरातली गोष्ट एकाच शब्दाची आहे: गेली. वाईजवळ आजोबांची जमीन होती, ती कुळकायद्यात गेली. लग्नकार्यात पंगतीत बसल्यावर कोणी ना कोणी तो उसासा टाकणारच. मग वडील पुण्यात वार लावून जेवले, शिकले, नोकरीला लागले, मी इंजिनियर झाले, इथे आले. सगळं कष्टाने. मी हे सांगितलं, आणि मला वाटतं जरा डोळेही भरून आले असावेत.

बस ड्रायव्हर काकांनी (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणायचे, साठी उलटलेले काळे गृहस्थ) शांतपणे विचारलं, "गेली म्हणजे कोणाकडे गेली?"

"जे कसत होते त्यांच्याकडे."

"किती वर्षं कसत होते?"

मला माहीत नव्हतं. दोन पिढ्या, तीन पिढ्या.

"मग ती गेली कशी?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरोखरच समजून घ्यायचं होतं. पण मी त्या रात्री झोपले नाही. वाचत बसले. १ एप्रिल १९५७, कृषक दिन: त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. फुकट नव्हे, कुळांनी हप्त्याहप्त्याने किंमत भरायची होती. ही किंमत आमच्या पंगतीतल्या गोष्टीत कधीच नव्हती. आणि सातबाऱ्यावर ज्यांची कूळ म्हणूनसुद्धा नोंद नव्हती, वाड्यापलीकडच्या वस्तीतून येऊन जे नुसते राबले, त्यांच्या हाती तेव्हाही फारसं काही आलं नाही. आणि यात जात होतीच. आदल्या वर्षीच, फेब्रुवारी २०२३मध्ये, सिअ‍ॅटलच्या सिटी कौन्सिलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो कायदा मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून जे रणकंदन माजलं त्यात मी 'आपल्याला काय त्याचं' म्हणून गप्प बसले होते.

दुसऱ्या शनिवारी काकांनी त्यांची गोष्ट सांगितली. ते सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये वाढले. काळ्या लोकांना शहरात दुसरीकडे घर घेऊ देत नव्हते आणि या भागातल्या घराला बँका कर्ज देत नव्हत्या, म्हणून १९६८मध्ये तिथे लिबर्टी बँक निघाली, वायव्य अमेरिकेतली काळ्यांच्या मालकीची पहिली बँक. त्यांच्या आईचं खातं तिथे होतं. सत्तरच्या दशकात त्या भागात दहातली सात माणसं काळी होती. आता दोनसुद्धा नाहीत. घरांच्या किमती वाढल्या, कर वाढले, लोक दक्षिणेला केंटकडे सरकले. बँकेच्या जागी २०१९मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची इमारत झाली, तिला नाव बँकेचंच दिलं. काका हसून म्हणाले, "आमची मात्र खरंच गेली."

पैशाचं शिक्षण यानंतर सुरू झालं आणि ते मला आवडलं, कारण त्यात आकडे होते. अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशनला कायद्याने वर्षाला मालमत्तेच्या साधारण ५ टक्के खर्च करावे लागतात. उरलेला पैसा शेअर बाजारात वाढत बसतो, आणि दात्याला करसवलत मात्र पूर्ण रकमेवर आधीच मिळालेली असते. दुसरा आकडा २०२०चा, इकोइंग ग्रीन आणि ब्रिजस्पॅन या दोन संस्थांनी काढलेला: इकोइंग ग्रीनकडे आलेल्या आश्वासक अर्जदारांमध्ये काळ्यांच्या नेतृत्वाखालच्या संस्थांकडे अटीविना वापरता येईल अशी शिल्लक गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी होती. एकूण उत्पन्नातली तफावत होती २४ टक्के. म्हणजे पैसा कमी मिळतो हे आहेच, पण जो मिळतो तोसुद्धा बांधलेला मिळतो. यातून फक्त प्रशिक्षण करा, भाडं भरू नका, पगार देऊ नका. सासूने किल्ल्या कमरेला ठेवून सुनेला 'घर तुझंच आहे' म्हणावं, तसं.

तर वर्गणी. आधी स्वतःची. आम्ही दोघांनी बसून ठरवलं: त्या वर्षीच्या भारतवारीच्या एका तिकिटाइतकी. मला जाणवली, त्याला जास्त जाणवली. माझी कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालते, तेवढा दिलासा. मग यादी. चाळीस नावं लिहिली, त्यातली एकतीस मराठी.

पहिल्या फोनला मी हवापाणी, मुलं, हापूसच्या पेट्या कधी येणार, सगळं बोलले आणि पैशाचं न बोलता ठेवून दिला. दुसऱ्यालाही. तिसऱ्यापासून आधी वाक्य कागदावर लिहून घेतलं: 'मी स्वतः इतके दिलेत, तू इतके देशील का?' आकडा बोलायचा आणि गप्प बसायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मराठी माणूस शांतता भरून काढायला 'नाही जमलं तरी चालेल हं' म्हणून जातो.

उत्तरं पाठ झाली. "आम्ही गावच्या शाळेला देतो." "मंडळाच्या गणपतीला दिलेत यंदा." "यांना सरकार देतं की." एका मावशींनी तर सरळ विचारलं, "आपल्या लोकांसाठी काही आहे का त्यात?" बॉथेलचा एक मित्र वीस मिनिटं बोलला: "देईन गं, पण यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? हिशेब कोण बघणार?" मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. त्याने दिले नाहीत. आश्चर्य म्हणजे सगळ्यात पटकन दिले ते एका मुलाने, जो आमच्या ग्रुपवर जातीच्या कायद्याच्या बाजूने एकटा भांडला होता आणि मग ग्रुप सोडून गेला होता. त्याला फोन करायलाच मला सगळ्यात जास्त लाज वाटली होती. चाळिसातल्या सतरा जणांनी दिले.

एप्रिलमध्ये अर्ज आले. प्रत्येकाला पाच निकषांवर गुण द्यायचे. मी टेस्टिंगमधली, मला हे काम जमतं. एक्सेल काढलं, रंग दिले. टकविलामधल्या सोमाली बायकांच्या एका गटाचा अर्ज होता, मोडक्या इंग्रजीत, दीड पानाचा. घरमालकाच्या नोटिसा वाचून देणं, कोर्टाच्या तारखेला सोबत जाणं, तोवर मुलं सांभाळणं, असं काम. स्वतःची नोंदणी नाही, पैसे दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून येणार. मी 'आर्थिक शिस्त' या रकान्यात पाचपैकी दोन दिले. दुसऱ्या एका संस्थेचा अर्ज इतका देखणा होता की मी पाच देऊन मोकळी झाले.

मग भेटी. साउथ पार्कला गेलो, डुवामिश नदीच्या काठी. ही नदी २००१पासून केंद्र सरकारच्या सगळ्यात प्रदूषित जागांच्या यादीत आहे. त्या भागातलं सरासरी आयुर्मान शहराच्याच लॉरेलहर्स्ट या श्रीमंत वस्तीपेक्षा तब्बल १३ वर्षांनी कमी आढळलं होतं. नदीला ज्यांचं नाव, ते डुवामिश लोक या भूमीचे मूळ रहिवासी. शहराचं नावही त्यांच्याच प्रमुखाचं. आजही केंद्र सरकार त्यांना जमात म्हणून मान्यता देत नाही. शहरातले बरेच लोक दरमहा त्यांना 'खरं भाडं' म्हणून पैसे पाठवतात. आमच्यातलं ते गोरं जोडपंही पाठवतं. मला लगेच शब्द आठवला, खंड, कूळ जमिनीच्या मालकाला द्यायचं तो. फक्त इथे तो उलट्या दिशेने.

टकविलाला एका दुकानामागच्या खोलीत तिघी जणी होत्या. वेलदोड्याचा चहा आला. चहाला त्या 'शाह' म्हणतात. मी तयारीने गेले होते. दुसऱ्याच प्रश्नाला गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागितले. त्यांच्यातली वयस्कर बाई म्हणाली, कागद थोडे आहेत, कारण मागच्या एका मोठ्या देणगीदाराने इतके कागद मागितले की आमची एक मुलगी आठवड्यातले दोन दिवस नुसते तेच भरत होती, आणि वर्ष संपल्यावर ते गेले. मग म्हणाली, आम्ही हगबद चालवतो. दर महिन्याला सगळ्या जणी ठरलेली रक्कम टाकतात, एकीला सगळी मिळते. कोणी आजारी पडलं तर तिचा नंबर आधी लावतो. आजवर एकही हप्ता बुडाला नाही.

मी म्हटलं, "म्हणजे भिशी!" आणि मग वाईला माझी आई डालड्याच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या टाकून भिशी कशी काढायची, एकदा मांजराने डबा पाडल्यावर चिठ्ठ्या गोळा करताना केवढं भांडण झालं, हे सांगत बसले. त्या खूप हसल्या. परत येताना गाडीत काका म्हणाले, "तुझ्या आईला तू पाचपैकी किती देशील?"

गुण बदलले मी. पण खरा बदल गटाने केला. फिलिपिनो बाई म्हणाल्या, आपण अर्ज तपासत नाही आहोत, इंग्रजी तपासतो आहोत. त्यावर दोन संध्याकाळी भांडण झालं. मी निकषांच्या बाजूने बोलले. निकष नसले की ओळखीपाळखीवर जातं, हे भारतात बघितलेलं आहे. माझं ते म्हणणं मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. शेवटी ठरलं: यापुढे तोंडी अर्जही चालेल, आणि शेवटची रक्कम ठरवताना कागदाइतकंच भेटीला वजन.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. अटलांटाच्या फिअरलेस फंडाचा निकाल आला. हा फंड काळ्या स्त्रियांच्या छोट्या धंद्यांना २०,००० डॉलरची मदत द्यायचा. त्याच्यावर २०२३मध्ये दावा झाला तो १८६६च्या नागरी हक्क कायद्याखाली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना गोऱ्यांसारखाच करार करता यावा म्हणून केलेला हा कायदा, तो आता काळ्या बायकांच्या मदतीविरुद्ध. ३ जून २०२४ला अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने ती योजना थांबवून ठेवली. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंदच पडली. तो निकाल जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामापुरता, आम्ही दुसऱ्या टोकाला. पण संस्थेच्या वकीलबाई आमच्या बैठकीला आल्या. त्यांनी समजावलं त्यातलं एक माझ्या डोक्यात बसलं: कोर्टाने ती मदत दान न मानता करार मानला, कारण पैशाच्या बदल्यात मिळवणारीने काहीतरी देणं नियमांत लिहिलं होतं, स्वतःचं नाव आणि फोटो वापरायची परवानगी वगैरे. मी हळूच माझी वही उघडली. 'देणगीनंतर काय मागावे' या पानावर माझे नऊ मुद्दे होते. तिमाही अहवाल, फोटो, लाभार्थींची संख्या.

आम्ही काहीच मागितलं नाही. पैसे दोन वर्षांसाठी, कशालाही वापरा, वर्षातून एक फोन, तोही त्यांना वेळ असेल तेव्हा. टकविलाच्या बायकांना मिळाले. माझ्या देखण्या अर्जवाल्यांना नाही मिळाले, आणि ते मला अजूनही थोडं लागतं; त्यांचं काम वाईट नव्हतं.

यंदा संस्थेने पद्धत आणखी बदलली. निर्णयाच्या बैठकीत आता आधी पैसे मिळालेल्या संघटनांच्याच लोकांना मत आहे. आमच्यासारख्यांना बोलावलंय ते फक्त वर्गणीसाठी. पत्र वाचून पहिली प्रतिक्रिया रागाची होती, खोटं कशाला बोलू. पैसे आमचे, घासाघीस आमची, आणि मत नाही? नवरा म्हणाला, "कुळकायदा लागला वाटतं तुला." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

संध्याकाळी यादी काढली आणि पहिला फोन बॉथेलच्या मित्राला लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे या वेळी लक्ष ठेवायला तूसुद्धा नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. "तू आकडा सांग." आणि गप्प बसले.